सोनिया देलोनेने बाळासाठी शिवलेली गोधडी

टाकादोरा :

पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या संग्रहात एक गोधडी आहे, तिचा फोटो टाकलाय. पाळण्यात मावेल एवढी, जेमतेम मीटरभर लांबीची. सोनिया देलोने या चित्रकर्तीने १९११ साली नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठी ती शिवली. गुलाबी, हिरवे, तपकिरी, लालसर, काळे, सायीच्या रंगाचे तुकडे. काही चौकोनी, काही तिरके कापलेले, काही त्रिकोणी. एक नक्षी ठरवून तीच पुन्हा पुन्हा शिवलेली नाही. एक तुकडा लावला, थोडं लांबून बघितलं आणि मग त्याचा शेजारी निवडला, असं वाटत राहतं. गडद तुकड्याला लागून फिकट तुकडा आला की तो कापडातून वर उचलल्यासारखा दिसतो.

युक्रेनमधल्या शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेली ठिगळांची पांघरुणं मनात होती, तशी एक बाळासाठी करावीशी वाटली, आणि पूर्ण झाल्यावर तिच्यात घनवादी (वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणाऱ्या) चित्रांसारखी रचना दिसली, मग तेच इतर वस्तूंवर आणि चित्रांवर करून बघितलं, असं सोनियाने पुढे सांगून ठेवलंय.

गेली दोन वर्षं या बाईबद्दल मिळेल ते वाचतेय. मराठीत तिच्यावर सलग लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून इथे हा चर्चेचा धागा. चित्रं, कापडं, पुस्तकं, नाटकाचे पोशाख, भित्तिचित्रं, मोटारी, सगळीकडे तिचा हात लागलाय. त्यामुळे तिला 'बहुपैलू' म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द खटकतो. दहा कामं करणारी बाई असं चित्र त्यातून उभं राहतं. तिने आयुष्यभर एकच काम केलं असं मला वाटतं. रंगाशेजारी रंग ठेवला की दोघांचं काय होतं, ते बघत राहायचं. कॅनव्हास होता तेव्हा कॅनव्हासवर, नव्हता तेव्हा कापडावर.

आधी थोडं चरित्र. जन्म १४ नोव्हेंबर १८८५, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या युक्रेनमध्ये, एका ज्यू कुटुंबात. नाव सारा स्टर्न. पाचेक वर्षांची असताना तिला सेंट पीटर्सबर्गला मामाकडे पाठवलं. मामा हेन्री टर्क वकील होते, घरात पैसा होता, पुस्तकं आणि चित्रं होती. तिथे ती सोनिया टर्क झाली. अठराव्या वर्षी चित्रकला शिकायला जर्मनीत कार्ल्सरूहला गेली आणि तिथून १९०५ च्या सुमारास पॅरिसला. मग मात्र तिला परत जायचं नव्हतं. घरच्यांचा तगादा सुरू झाला तेव्हा तिने १९०८ मध्ये विल्हेल्म उडे या जर्मन कलाव्यापाऱ्याशी लग्न केलं. उडे समलिंगी होता. दोघांच्याही सोयीचं लग्न होतं ते. तिला पॅरिसमध्ये राहता आलं आणि त्याच्या गॅलरीत चित्रंही लागली. त्याच गॅलरीत रोबेर देलोनेची गाठ पडली. घटस्फोट तंटा न होता झाला, नोव्हेंबर १९१० मध्ये सोनिया आणि रोबेरचं लग्न झालं, जानेवारी १९११ मध्ये शार्ल जन्मला.

रोबेर आणि सोनिया दोघांनाही वेड लावलं होतं शव्रेल नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने. हा माणूस दोघांच्या जन्माआधीच्या पिढीतला. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे मोठे विणलेले पडदे तयार होत, तिथे तो १८२४ पासून रंगाई विभागाचा प्रमुख होता. त्याच्याकडे तक्रार आली की कारखान्याचा काळा रंग कच्चा आहे, निळ्या-जांभळ्या भागांतल्या सावल्यांमध्ये तो मरतो. त्याने ठिकठिकाणचा काळा धागा मागवून ताडून पाहिला. कारखान्याचा काळा उत्तम निघाला. दोष शेजाऱ्यांचा होता! निळ्या-जांभळ्याला लागून बसलेला काळा डोळ्यालाच फिका दिसत होता. यातून त्याने १८३९ मध्ये रंगांच्या एकाच वेळी होणाऱ्या विरोधाचा नियम मांडणारा जाडजूड ग्रंथ छापला. त्यातला 'एकाच वेळी' म्हणजे फ्रेंचमध्ये 'सिम्युल्ताने'. हा शब्द देलोने जोडप्याने असा उचलला की पुढे सोनियाचे पोशाख सिम्युल्ताने, पुस्तक सिम्युल्ताने, दुकानही सिम्युल्ताने.

पॅरिसच्या मोंपार्नास भागात बाल ब्युलिए नावाचं नाचघर होतं. टँगोची साथ नुकतीच आली होती आणि विजेचे दिवे नवे होते. सोनिया तिथे स्वतः शिवलेला ठिगळांचा झगा घालून जायची, रोबेरचे कपडेही तसेच रंगीबेरंगी. आपोलिनेर या कवीने या दोघांच्या पोशाखांवर नियतकालिकात लिहिलं. ब्लेझ सांद्रार या दुसऱ्या कवीने तर त्या झग्यावर कविताच केली, तिच्या शीर्षकाचा अर्थ साधारण 'झग्यावर तिला देह आहे' असा. त्याच नाचघरावर १९१३ मध्ये तिने केलेलं चित्र जवळजवळ चार मीटर लांब आणि एक मीटरही उंच नाही. ते गादीच्या खोळीच्या कापडावर रंगवलंय. जोड्या नाचतायत हे लगेच कळत नाही, आधी नुसत्या रंगांच्या कमानी आणि पट्टे डावीकडून उजवीकडे हलताना दिसतात. जरा वेळाने एक वाकलेली पाठ सापडते, मग एक झुकलेलं डोकं.

आणि त्याच वर्षी ते पुस्तक. सांद्रारची ट्रान्स-सायबेरियन रेल्वेवरची दीर्घ कविता. दोघांनी मिळून ती एकाच लांब पट्टीवर छापली, उलगडली की दोन मीटर. उजवीकडे शब्द, वेगवेगळ्या टायपात आणि वेगवेगळ्या शाईत, डावीकडे वरपासून खालपर्यंत सोनियाचे रंग. रंग स्टेन्सिल कापून हाताने भरलेले. वर रेल्वेमार्गाचा नकाशा, अगदी तळाशी एक छोटा लाल आयफेल टॉवर. १५० प्रती काढायच्या असं ठरलं होतं, कारण दोन मीटरच्या १५० प्रती एकावर एक उभ्या केल्या की आयफेल टॉवरची उंची होते. तेवढ्या काही निघाल्या नाहीत. पण मला त्या हिशोबाचंच फार अप्रूप वाटतं. पुस्तक हातात धरायची वस्तू आहे हे विसरून त्यांनी ते टॉवरशेजारी उभं करून पाहिलं!

एका बैठकीत एवढंच जमलं. कपड्यांच्या धंद्याबद्दल पुढे लिहिते.

हिरवळ_०७ :

वाचतेय. फार सुंदर सुरुवात. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

मॅचिंगवाले :

टाकादोरा ताई, तुमचा तो काळ्या रंगाचा किस्सा वाचून उठून बसलो. आमचं ३१ वर्षं मॅचिंग सेंटर होतं. आता मुलाने दुसरा व्यवसाय धरलाय, दुकान बंद आहे, पण हात अजून तागे उलगडतात.

बायका साडी घेऊन यायच्या. टू बाय टू रुबिया या ब्लाउजच्या कापडाचे चाळीसेक शेड समोर मांडायचे. ठेच लागायची ती करड्या आणि मोतिया रंगाला. साडी लालभडक असली आणि काठ करडा असला, तर ताग्यातून बरोब्बर तोच करडा काढून दिला तरी बाई म्हणायची, "काका, हा नाही. साडीतला हिरवट आहे." कापड तेच, डाय तोच. लालाला चिकटून असल्यामुळे साडीतला करडा हिरवट दिसतो आणि काउंटरवरचा एकटा करडा आहे तसा दिसतो. मी काय करायचो, ब्लाउजपीस साडीच्या लालावर ठेवायचो आणि शेजारी काठ आणायचो. मग दोन्ही करडे एक व्हायचे. शिवाय ट्यूबलाइटखाली काही खरं नाही, दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन दाखवायचं.

हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यामागे नियम आहे आणि तो एका रंगाईवाल्या माणसाने पडद्यांच्या कारखान्यात बसून शोधला, हे आज कळलं. मोरपंखी हिरव्याशेजारी तोच करडा ठेवून बघा, तांबूस मारेल. घरी कुणालाही करता येईल असा प्रयोग आहे.

एक भर. तुकडे मोठे असले की दोन रंग एकमेकांना ढकलतात. तुकडे बारीक झाले, म्हणजे ताण्यात (उभ्या धाग्यांत) एक आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) दुसरा, की उलटं होतं, ते मिसळतात. धूपछाँव साडी तशीच असते. लाल ताणा, हिरवा बाणा, लांबून तिसराच रंग. तुमच्या चित्रकर्तीने दुसरा प्रकार कधी वापरला का?

उभाआडवा :

लेख आवडला, पण काही मुद्दे मांडतो. मी चित्रकला शिकलोय आणि देलोने जोडपं अभ्यासाला होतं.

१. गोधडीची गोष्ट सोनियाने पुष्कळ वर्षांनी सांगितलेली आहे. १९११ मध्ये शिवताना तिच्या मनात घनवाद होता याला त्या वेळचा पुरावा काय? अमूर्त चित्रकलेचा जन्म पाळण्यात झाला ही कथा इतकी गोड आहे की आपण सगळे ती न तपासता स्वीकारतो.

२. रंगाचा विचार रोबेरने शब्दांत मांडला. १९०९ पासून आयफेल टॉवरची मालिका, १९१२ ची खिडक्यांची मालिका, प्रकाशावरचा निबंध. तो निबंध चित्रकार पाउल क्लेने जर्मनमध्ये आणला. आपोलिनेरने १९१२ मध्ये ज्या रंगप्रधान, अमूर्ताकडे झुकणाऱ्या चित्रशैलीला ऑर्फिझम म्हटलं तिच्या केंद्रस्थानी रोबेर होता. सोनियाला न्याय देताना त्याचं श्रेय कमी होऊ नये.

३. विणकाम, शिवणकाम यांना चित्राच्या बरोबरीने ठेवायचं तर प्रत्येक सुंदर गोधडी पाँपिदूमध्ये लावायला हवी.

टाकादोरा :

उभाआडवा, मुद्दे रास्त आहेत, एकेक घेते.

आठवण नंतरची आहे हे मान्य. म्हणून मी आठवण बाजूला ठेवते आणि तारखा बघते. गोधडीच्या आधी, १९०९ मध्ये, तिने पानांचं भरतकाम केलंय, लोकरीच्या धाग्यांचं, त्यात पानांची आकृती रंगाच्या ढिगात विरघळत गेलीय. त्याच्याही आधी, १९०८ चं 'पिवळी नग्न स्त्री' हे तैलचित्र आज फ्रान्समधल्या नांत शहराच्या संग्रहालयात आहे. पिवळ्याधमक अंगाच्या कडेने हिरवा-निळा फिरवलाय, आणि पिवळा त्यामुळे पेटतो. हे रोबेर आयुष्यात यायच्या आधीचं. तेव्हा गोधडीतून एकदम सगळं जन्मलं असं मीही म्हणणार नाही. रंगाला रंग भिडवायची खोड तिला आधीच होती. गोधडीत माणसाची, झाडाची आकृती नव्हती आणि ते चाललं, एवढं तिथे नवं घडलं.

गोधडीनंतर काय, तेही बघा. जानेवारी १९१३ मध्ये सांद्रारने न्यूयॉर्कमधल्या ईस्टरवरची कविता वाचून दाखवली, आणि सोनियाने त्या पुस्तिकेला बांधणी केली. रंगीत कागदाचे तुकडे कापून चिकटवलेली. त्याच वर्षी बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात तिच्या अशा पुस्तक-बांधण्या चित्रांच्या सोबतीने मांडल्या गेल्या. म्हणजे तुकडे जोडून विचार करणं ही पन्नास वर्षांनी रचलेली कहाणी नाही, त्या दोन वर्षांतच तिचा माग लागतो.

रोबेरबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. तो शब्दांचा माणूस होता, ती हातांची. ती स्वतः त्याचं श्रेय कमी करत नव्हतीच. उलट तो गेल्यावर त्याची प्रदर्शनं भरवण्यात तिने स्वतःची वर्षं घातली. मला त्रास होतो तो नंतरच्यांनी 'तो चित्रकार, ती सजावटकार' अशी वाटणी केली त्याचा. आणि ज्या काळात तिला सजावटकार म्हटलं गेलं, त्या काळात घर तिच्या कापडांवर चाललं होतं. रोबेर रंगवू शकत होता कारण सोनिया कापड विकत होती.

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर देणं अवघड आहे. पण प्रत्येक सुंदर गोधडी कुठेतरी नीट जपली गेली असती तर मला आनंदच झाला असता. माझ्या आत्याच्या हातची एकही उरली नाही. जुन्या झाल्या, फाटल्या, पायपुसणी झाल्या.

रोजनिशी :

टाकादोरा, धंद्याबद्दल लिहाच. पैशाची गरज का पडली? माहेर तर श्रीमंत होतं ना?

टाकादोरा :

तीच तर गोष्ट आहे, रोजनिशी.

१९१४ च्या उन्हाळ्यात हे तिघं स्पेनमध्ये होते आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. ते परतले नाहीत. स्पेन, मग पोर्तुगाल, उत्तरेकडचं विला दो कोंदे हे किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या बाजारांनी सोनियाला वेड लावलं. टरबुजं, मातीची भांडी, बायकांच्या शाली, कोरडं प्रखर ऊन. मिन्यो भागातल्या बाजाराची तिची चित्रं मला तिच्या सगळ्या कामात जास्त आवडतात, कारण तिथे नियम मागे राहतो आणि आनंद पुढे येतो. टरबूज कापल्यावर आतला लाल जसा एकदम डोळ्यांत शिरतो तसे त्यातले गोल.

तोवर खर्चाची काळजी नव्हती. सेंट पीटर्सबर्गच्या मालमत्तेचं भाडं तिला येत होतं. १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीने ते एका फटक्यात थांबलं. बत्तीस वर्षांची बाई, परका देश, सहा वर्षांचं मूल, आणि हाताला ठरलेलं उत्पन्न नाही. माद्रिदमध्ये रशियन बॅले मंडळीचा संचालक द्यागिलेव्ह भेटला. त्याच्या 'क्लिओपात्रा' या बॅलेचे पोशाख १९१८ मध्ये तिने केले, रोबेरने नेपथ्य केलं. क्लिओपात्राच्या पोशाखावर तिची ती गोल मंडलं आहेत, मध्ये एक रंग आणि बाहेर दुसरे. नाचणारी फिरली की ती फिरणार. मग माद्रिदमध्येच तिने 'कासा सोनिया' नावाचं दुकान काढलं. कपडे, घरसजावट, दिव्यांच्या शेड. गिऱ्हाईक बडं होतं.

१९२१ मध्ये पॅरिसला परतले, बुलव्हार माल्झेर्बवरच्या घरात. त्या घरात दादावादी, म्हणजे रूढ कलेची थट्टा करणाऱ्या कवींची ये-जा होती. त्यांच्यातल्याच त्रिस्तां झाराच्या 'गॅसवर चालणारं हृदय' या नाटकाचे पोशाख १९२३ मध्ये तिने पुठ्ठ्यासारख्या कडक साहित्यातून केले, नटांना नीट वाकताही येणार नाही असे. त्या प्रयोगात आंद्रे ब्रेतों हा कवी रंगमंचावर चढला, मारामारी झाली, एका लेखकाचा हात मोडला, पोलीस आले. हा दंगा सगळ्या पुस्तकांत आहे. पोशाखांवर मात्र त्यातल्या बहुतेक पुस्तकांत दोन ओळी असतात.

त्याच वर्षी लियोंच्या एका रेशीम कारखानदाराने तिच्याकडून पन्नास नक्षी मागवल्या, आणि तिथून कापडाचा खरा धंदा सुरू झाला. १९२५ च्या पॅरिसमधल्या मोठ्या सजावटकला प्रदर्शनात तिने जाक हाईम या फर-व्यापाऱ्याबरोबर तिसऱ्या अलेक्झांडरच्या पुलावर दुकान थाटलं. त्या वेळच्या एका छायाचित्रात तिचे कोट घातलेल्या दोघी एका सित्रोएन मोटारीशेजारी उभ्या आहेत आणि मोटारीवरही तीच चौकटींची नक्षी. ग्लोरिया स्वान्सन या अमेरिकन नटीसाठी तिने केलेला भरतकामाचा कोटही याच सुमाराचा. ॲमस्टरडॅमच्या मेट्झ अँड कंपनीने तर तिच्या शेकडो नक्षी घेतल्या, आणि तो व्यवहार पुढे कितीतरी वर्षं चालला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. शिवणाऱ्या सगळ्यांनी लक्ष द्या. तिने असं कापड मांडलं की ज्यावर नक्षी आणि बेतणी दोन्ही एकत्र छापलेली असतील. घरी आणायचं, छापलेल्या रेषेवर कापायचं, जोडायचं. १९२७ मध्ये सोरबोन विद्यापीठात चित्रकलेचा कपड्यांवर काय परिणाम होतो यावर तिने व्याख्यान दिलं, त्यातही हे सांगितलं. शिंपी नक्षीचा बळी देतो हे तुम्हाला माहीत आहेच. पाठीच्या मधोमध आलेलं फूल शिवणीत अर्धं जातं, बाहीवर उलटं येतं. तिने कापडावर रंग ठेवतानाच बाही कुठे येणार, गळा कुठे येणार हे ठरवलं. आणि असं कापड लांबच्या गावातल्या, शिंपी न परवडणाऱ्या बाईपर्यंतही पोचू शकतं.

वाकळ :

बाई गं, हे छापील बेतणीचं वाचून अंगावर काटा आला. चाळीस वर्षं शिवण करते. फुलं शिवणीत जाऊ नयेत म्हणून अर्धा-अर्धा मीटर कापड वाया घालवलंय.

आमच्याकडे साताऱ्याला गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर धावदोरा. तुमच्या फोटोतल्या गोधडीवर धावदोरा दिसतो का? का नुसते तुकडे जोडलेत?

टाकादोरा :

वाकळ मावशी, आपल्या वाकळीसारखा सबंध अंगभर धावदोरा नाही दिसत. तुकडे शिवून जोडलेले आहेत, आणि आपल्या थरांसारखी जाडीही दिसत नाही. वाकळीत धाग्याच्या ओळींनी जी लाट उठते ती तिथे नाही. तिथली हालचाल सगळी रंगाची.

निळीतबकडी :

अवांतर, पण राहवत नाही. ज्या बाळासाठी ती गोधडी शिवली ते बाळ म्हणजे शार्ल देलोने! जॅझ ऐकणाऱ्यांना हे नाव आईवडिलांच्याही आधी माहीत असतं. हॉट क्लब द फ्रान्स हा जॅझप्रेमींचा क्लब उभा करणाऱ्यांपैकी तो एक. जँगो राइनहार्टची गिटार आणि स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन ज्या पंचकात होतं ते याच क्लबच्या नावाने वाजलं. १९३६ मध्ये त्याने जॅझच्या ध्वनिमुद्रिकांची सूची छापली, कुठल्या तबकडीवर कोण वाजवतंय, कधी मुद्रित झालं, सगळं. अशा अगदी पहिल्या सूच्यांपैकी ती एक. युद्धात तो प्रतिकार चळवळीत होता, १९४३ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी पकडला होता, महिन्याभराने सुटला. १९८८ मध्ये गेला.

आई रंगांचे तुकडे जुळवतेय आणि मुलगा तबकड्यांवरची नावं. मला हे घर फार आवडलं.

लुंडकर :

मी स्वीडनमध्ये लुंडला राहतो. इथे स्किसेर्नास म्युझियम आहे, मोठ्या कलाकृतींची कच्ची रेखाटनं आणि नमुने जपणारं. तिथे सोनिया देलोनेचे तीन प्रचंड फलक आहेत, १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनातल्या विमानांच्या दालनासाठी केलेले. एक विमानाच्या पंख्याचा, एक इंजिनाचा, एक विमानातल्या उपकरणांच्या पाटीचा. मी इंजिनिअर आहे, म्हणून पहिल्यांदा गेलो तो इंजिन बघायला. सात मीटरच्या आसपास रुंद आहे एकेक. जवळ उभं राहिलं की सगळा फलक नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते.

इंजिनाचे भाग ओळखू येतात इतपत अचूक आहेत. दट्ट्या आणि दांडे कुठे असतात हे तिने नीट पाहिलंय. पण रंग कुठल्याच कारखान्यात दिसणार नाहीत असे. गुलाबी, पिवळा, विटकरी, फिकट निळा. पंख्याच्या फलकावर पात्यांभोवती वर्तुळं आहेत, आणि टाकादोरा यांनी क्लिओपात्राच्या पोशाखावरच्या मंडलांबद्दल लिहिलं तेव्हा मला तीच डोळ्यांसमोर आली.

आमच्या मुलीला, ती तेव्हा पाच वर्षांची होती, तिथून हलवता हलवेना.

उभाआडवा :

लुंडकर, फार आभार. त्या फलकांसाठी आणि रेल्वेच्या दालनासाठी देलोने जोडप्याने कित्येक बेरोजगार चित्रकार कामाला घेतले होते. मंदीनंतरचे दिवस होते. सोनियाचा कपड्यांचा कारखानाही त्याच मंदीत बंद झाला आणि ती पुन्हा ब्रशकडे वळली.

टाकादोरा, तारखांच्या उत्तराबद्दल आभारी आहे. १९०९ च्या भरतकामाचं मी विसरलो होतो. काल रात्री जुनी वही काढून बघितली. आम्हाला रोबेरवर तीन तास होते आणि सोनियावर अर्धा. त्या अर्ध्या तासात गोधडी दाखवली होती, भरतकाम नव्हतं दाखवलं.

टाकादोरा :

उभाआडवा, असं मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

शेवटची वर्षं थोडक्यात. रोबेर १९४१ मध्ये मोंपेल्येला कर्करोगाने गेला. फ्रान्सवर जर्मनांचा कब्जा, आणि सोनिया जन्माने ज्यू. ती दक्षिणेत ग्रासला जाँ आर्प, सोफी टॉयबर-आर्प आणि आल्बेर्तो मान्येल्ली या कलाकारांसोबत राहिली. चौघांनी तिथे एकत्र बसून दहा शिळाछापांचा एक संच केला, एकाने सुरू केलेलं दुसऱ्याने पुढे नेलं. तो छापून बाहेर आला १९५० मध्ये. तोवर सोफी जिवंत नव्हती.

१९६४ मध्ये सोनियाने आणि शार्लने रोबेरची व तिची मिळून शंभराहून अधिक चित्रं फ्रान्सला दिली आणि ती लूव्रमध्ये मांडली गेली. हयात असताना लूव्रमध्ये प्रदर्शन झालेली ती पहिली स्त्री. तेव्हा ती ७८ वर्षांची होती. ५ डिसेंबर १९७९ ला, ९४ व्या वर्षी पॅरिसमध्ये गेली.

मॅचिंगवाले काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम राखून ठेवलं होतं. हो, वापरला! १९६७ मध्ये एका मासिकाने वैद्यकीय संशोधनासाठी निधी उभारायला पाच चित्रकारांना पाच मोटारी रंगवायला दिल्या. सोनियाने 'मात्रा ५३०' नावाची मोटार रंगवली. उभी असताना त्या मोटारीवर वेगवेगळ्या रंगांचे चौकोन एकमेकांना भिडलेले दिसतात. पण चौकोन असे निवडले होते की मोटार पळायला लागली की ते मिसळून फिकट निळसर व्हावेत, म्हणजे रस्त्यावरचे बाकीचे चालक दचकून अपघात होऊ नये. तुमचा ताणा-बाणा, काका. आयुष्यभर रंगांना भिडवणाऱ्या बाईने ८१ व्या वर्षी त्यांना विरघळवलंसुद्धा.

मॅचिंगवाले :

ताई, हे वाचून घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. धूपछाँवच आहे ती. वेगाची धूपछाँव.

वाकळ :

मी एक वाकळ घेतलीय करायला. नातीला बाळ होणार आहे दिवाळीत. नेहमी मधे चौकोन आणि भोवती पट्ट्या करते. या खेपेला टाकादोराच्या त्या फोटोसारखं करून बघतेय, एक तुकडा लावायचा आणि मग शेजारचा शोधायचा. आठ दिवसांत वीतभर झालीय. सरळ पट्ट्यांपेक्षा हे फार अवघड आहे, मन कुठे लावू आणि कुठे नको असं होतं. तीन वेळा उसवलं.

माझ्या जुन्या इरकलीचा एक हळदी रंगाचा तुकडा आहे, पोत अजून चांगला. तो मला मधे हवाय. पण बदामीशेजारी लावला तर मळका दिसतो. मॅचिंगवाले दादा, काय करू?

मॅचिंगवाले :

वाकळ ताई, बदामी काढा तिथून. दोघे एकाच घरचे आहेत, एकमेकांना खातात. हळदीच्या एका अंगाला जांभळं किंवा गडद निळं द्या, दुसऱ्या अंगाला काळं. इरकलीचाच काळा काठ उरला असेल तर उत्तम. आधी शिवू नका, टाचणीने लावा. दिव्याखाली ठरवू नका, सकाळी अंगणात नेऊन दहा पावलं मागे जाऊन बघा.

वाकळ :

लावलं. काळा काठ होता शिल्लक. फोटो मुलगा आला की टाकते.